दाराजवळचं सामान

गाडीमागे जोडून आत राहायचा ट्रेलर विकणारा माणूस "दोघांना ऐसपैस आहे" असं सांगतो, तेव्हा ते दोघं कोण हे तो विचारत नाही. त्या दोघांतल्या एकीला उशाशी टॉर्च, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, डोकेदुखीचं मलम आणि शिवाय एक जादा उशी 'असू दे' म्हणून लागते, हे त्याला कुठून ठाऊक असणार. आमचा ट्रेलर आला तो गणिताच्या मास्तरांकडून. मास्तरांचे गुडघे गेले, त्यांना पायरी चढवेना, आणि त्यांच्या बायकोने अंगणातली ती अडगळ एकदाची घालवा म्हणून तगादा लावला. मी त्यांच्याच शाळेची बस चालवत होते. नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. मी तो घेतला.

"इतकी वर्षं बस चालवून हौस फिटली नाही, म्हणून आता हे शेपूट?" ताई म्हणाल्या.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे नवरे सख्खे भाऊ. थोरले घड्याळं दुरुस्त करायचे, आमचे हे विजेची कामं करायचे, आणि आमच्या घरातलं घड्याळ कायम मागे आणि जिन्यातला दिवा कायम बंद. आधी थोरले गेले, मग हे. मला मूलबाळ नाही. ताईंना एक मुलगा, तो दूर नोकरीला. तेव्हा घरात आम्ही दोघीच उरलो आणि तेव्हापासून रोज भांडतो. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडतो. चहा किती उकळायचा यावर भांडतो. त्या रेडिओ मोठा लावतात, मी जाऊन बारीक करते, त्या येऊन परत मोठा करतात. शेजाऱ्यांना वाटतं आमचं पटत नाही. शेजाऱ्यांना काय कळतंय.

तर गोष्ट अशी, की ताई आता कायमच्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या आणि मला ते अजिबात नको होतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुतण्या गुणाचा आहे, त्यात वाद नाही. नवं घर बांधलं तेव्हा त्याने आईसाठी तळमजल्यावर खोली काढली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. सुनेने पडद्यांचे नमुने फोनवर दाखवले. "आई, आता तू इकडेच ये," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "बघू." मी शेजारी भाजी निवडत बसले होते. मी काय बोलणार? आई मुलाकडे निघाली आहे, तिला अडवणारी मी कोण? नवरे होते तोवर मी ताईंच्या दिराची बायको होते. आता दीरही नाही आणि त्यांचे तेही नाहीत. मधली दोन्ही माणसं गेल्यावर दोन टोकांच्या बायका एकमेकींच्या कोण लागतात, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी भाजी निवडत राहिले आणि चांगली पानंही कचऱ्यात टाकली.

"मी सोडते तुम्हाला," एवढंच म्हणाले. "ट्रेलर आहेच. मुक्काम करत करत निघू, सामानही नेता येईल."

"बरं," ताई म्हणाल्या.

झालं. एवढ्यावर ठरलं. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच ठरतात. आरडाओरडा फक्त चहावरून.

आता सामान लावायची माझी एक पद्धत आहे. शाळेची सहल निघाली की जो आधी उतरणार त्याची पिशवी सगळ्यात शेवटी चढवायची, दाराजवळ. म्हणजे उतरताना खोळंबा नाही, रडारड नाही, 'मावशी माझा डबा आत राहिला' नाही. ट्रेलरलाही मी तोच नियम लावला. आत पुढच्या भिंतीला भिडवून रुंद बाक आहे, रात्री तोच पलंग. मधे, बरोबर चाकांच्या वर, अरुंद बाक. दोन्ही बाकांच्या पोटात सामानाच्या पेट्या. अरुंद बाकासमोर शेगडी आणि टीचभर बेसिन. सगळ्यात मागे खिडकी, दार आणि दाराशेजारी थोडी मोकळी जागा. रुंद बाक मी ताईंना दिला, अरुंद मी घेतला. ताई तिथे राहणार, मी परत येणार, म्हणून माझं सामान आत पेट्यांत आणि ताईंचं मागे, दाराजवळ. त्यांच्या कपड्यांना आणि अंथरुणाला मी बाजारातून निळ्या पिशव्या आणल्या, माझ्यासाठी करड्या. पोचलो की सून चहा ठेवेपर्यंत ताईंचं सामान खाली. त्यांना शोधायला नको, वाकायला नको. मी स्वतःवर खूश होते.

अंथरुणाचं काम ताईंनी अंगावर घेतलं. त्या जन्मभर शिवणकाम करत आल्या, शाळेचे गणवेश, लोकांचे पडदे, गाद्यांची कव्हरं. ट्रेलरमधल्या मूळच्या गाद्या मास्तरांच्या गुडघ्यांसारख्याच कामातून गेलेल्या होत्या. ताईंनी नवा फोम आणवला आणि तुकड्यांत कापला, म्हणजे दिवसा पाठीला टेकायला आणि रात्री जोडून झोपायला. असे तुकडे रात्री सरकतात, मधे फट पडते आणि आपली कंबर नेमकी त्या फटीत जाते. म्हणून खालून पट्ट्या शिवल्या. चादरीला पायथ्याशी खिसा केला, गादीचं टोक त्यात सरकवलं की कितीही कूस बदला, चादर जागची हलत नाही. पांघरुणं दिवसा ठेवायची कुठे, हा माझ्यापुढे मोठा प्रश्न होता. ताईंनी मोठ्या खोळी शिवल्या, पांघरुणांच्या घड्या त्यात कोंबल्या, चेन लावली आणि झाला लोड.

"जागा नाही जागा नाही करत होतीस," म्हणाल्या. "बस त्यावर."

मी बसले. छान होतं. पण मी तसं म्हटलं नाही. "चेन टोचते," म्हटलं.

पिशव्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी माझा जीव खाल्ला. मी त्यांची रजई निळ्या पिशवीत घालावी आणि जेवून येऊन पाहावं तर ती पेटीत, माझ्या रजईच्या खाली. त्यांचे टॉवेल माझ्या टॉवेलांत. त्यांची शाल माझ्या स्वेटरच्या पोटात. सगळ्या खोळी एकाच ताग्यातून शिवलेल्या, कुठली कुणाची ओळखायला मार्ग नाही. मी वेगळं करावं आणि त्यांनी कालवून ठेवावं, असं चाललं होतं.

"ताई, निळी तुमची. किती वेळा सांगू?"

"पिशवी ती पिशवी. निळी काय नि करडी काय."

"उतरवताना गोंधळ होईल."

"होऊ दे."

"होऊ दे काय? तिथे पोचल्यावर सगळ्यांसमोर मी पेट्या उपसत बसू?"

"तुला सगळ्याची घाई," ताई म्हणाल्या आणि शाल पुन्हा आत ठेवली.

मला वाटलं, वय झालं यांचं, लक्षात राहत नाही. आणि मी चिडले की गरजेपेक्षा जास्त बोलते, तशी बोलले. "परत येताना हा मोठा बाक मोकळाच असणार," मी म्हटलं, "त्यावर मी डबे नि बादल्या ठेवीन." खरं सांगायचं तर तो मोकळा बाक मला बघवणार नव्हता. म्हणूनच डबे आणि बादल्या तोंडात आल्या. ताई हातातली चादर झटकून घडी घालायला लागल्या आणि घडी वाकडी आली. ताईंची घडी कधी वाकडी येत नाही. मी ते पाहिलं, आणि कळून न कळल्यासारखं करून बाहेर जाऊन टायर तपासत बसले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शिलाई मशीनचं काढलं. त्यांचं जुनं, लोखंडी पायांचं मशीन. ते खिडकीशी इतकी वर्षं उभं आहे की फरशीवर त्याच्या पायांचे खड्डे पडलेत.

"हे पण नेऊ का?" त्यांनी विचारलं.

कपडे घेऊन गेलेलं माणूस कधी ना कधी परत येतं. मशीन घेऊन गेलेलं येत नाही.

"जड आहे," मी म्हटलं.

"मग राहू दे. पण तुला उगीच अडगळ."

"मी कुठे अडगळ म्हटलं?"

"म्हटलं नाहीस."

"मग नेऊ ना. माझी गाडी काय कागदाची आहे?"

हे असं होतं माझं. मला ते मशीन जागचं हलायला नको होतं आणि मीच शेजारच्या सुताराला हाक मारून ते उचलायला लावलं. सुतार बिचारा धापा टाकत आत शिरला आणि म्हणाला, "कुठे ठेवू?" मी म्हटलं, "इथेच, दाराशी. तेच आधी उतरायचंय." ताई पायरीशी उभ्या होत्या. मशीनला लागून त्यांची कपड्यांची लोखंडी ट्रंक ठेवली, तिच्यावर कापडाचे तागे, बाजूला निळ्या पिशव्या. पाण्याचे दोन भरलेले कॅनही मी तिथेच सरकवले, कारण पुढे जागा नव्हती. दार लावलं आणि हात झटकले.

सकाळी निघालो. आमच्या यांची कामाची व्हॅन पुढे, ट्रेलर मागे, ताई माझ्या शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून. गावातल्या रस्त्यांवर सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो, मी वेग वाढवला आणि स्टिअरिंग हातात ढिलं लागायला लागलं. आरशात पाहिलं तर ट्रेलर डोलत होता. आधी थोडा, मग जास्त, मग इतका की त्याच्याबरोबर व्हॅनची मागची बाजूही ओढली जायला लागली. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो. मी पाय उचलला, हात सरळ ठेवले, वेग आपोआप उतरू दिला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, वाजवू दिला. पुढे मालट्रक थांबतात ती मोकळी जागा आली तिथे व्हॅन कडेला घेतली. ताईंनी पर्स अजून सोडली नव्हती.

काय झालं ते मला खाली उतरायच्या आधीच कळलं होतं. मागे जड, पुढे हलकं. बस अर्धी रिकामी असली की मी सगळ्या पोरांना मागच्या सीटवरून उठवून मधे आणायची. पोरं मला 'गप्पबसामावशी' म्हणायची ती उगीच नाही. वजन चाकांवर हवं, हे मी झोपेतही सांगेन. आणि तरी सगळं लोखंड मी शेपटाकडे भरून ठेवलं होतं, कारण लावताना माझ्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हताच, फक्त पोचल्यावरचं दार होतं. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो.

ट्रेलरचं दार उघडलं तर लोड खाली, निळ्या पिशव्या उताण्या, एक कॅन आडवा होऊन फरशीवर पाणी. मशीन एका बाजूला झुकून ट्रंकेवर टेकलं होतं. ताई माझ्यामागून आत चढल्या.

"सगळं काढावं लागणार," मी म्हटलं. "मधला बाक उचकटायचा आणि त्याच्या जागी मशीन बांधायचं, बरोबर चाकांवर. ट्रंकही तिथेच. म्हणजे तो बाक गेला. आणि तिथे पोचल्यावर हे सगळं परत खोलल्याशिवाय तुमचं मशीन बाहेर निघणार नाही. केवढा खोळंबा."

ताई खाली पडलेल्या लोडावर बसल्या.

"तुला एवढी कसली घाई आहे गं मला उतरवायची?" त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कोण उतरवतंय?"

"तू निळ्या पिशव्या आणल्यास त्या दिवसापासून मला झोप नाही," त्या म्हणाल्या. "माझं ते सगळं वेगळं, सगळं दाराशी. सुतारालाही सांगितलंस, हेच आधी उतरायचंय. माझा बाक मोकळा झाला की तिथे बादल्या ठेवणारेस. मी म्हटलं, हिला आता घर मोकळं हवंय. बरोबरच आहे. इतकी वर्षं माझी कटकट ऐकली, आता एकटीला निवांत राहायचं असेल. मी मुद्दाम कालवत होते सगळं. म्हटलं, वेगळं करायला उशीर लागेल तेवढा लागो."

मी हातात दोरी धरून उभी होते. ती मशीन बांधायला काढली होती आणि आता तिचं काय करायचं ते मला सुचेना.

"तुम्हीच निघालात ना?" मी म्हटलं. "तो ये म्हणाला, तुम्ही बघू म्हणालात."

"मी नुसतं बघू म्हटलं. तू लगेच म्हणालीस, मी सोडते."

ते खरं होतं. शब्दाला शब्द खरं होतं.

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"राहा म्हणायचं."

"मी? पोटच्या मुलाकडे निघालेल्या बाईला मी राहा म्हणू? तुम्ही थोरल्या. मी कोण तुम्हाला सांगणारी?"

"आणि मी काय करू? त्याने खोली बांधली, दांडे बसवले, आणि मी थोरली असून तुला विचारू, मला ठेवून घेतेस का म्हणून?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"ठेवून घ्यायला तुम्ही काय पाहुण्या आहात?" मी म्हटलं. "ते घर तुमचं नाही? तुम्ही खिडकी उघडलीत की मी बंद करते, ते काय मला वारा लागतो म्हणून? तुम्ही उठून परत उघडायला याल म्हणून. दिवसभर कुणी आलं गेलं नाही तरी तुम्ही येता. रेडिओ बारीक करते तोही तेवढ्यासाठीच. मला एकटीला राहायचं नाहीये, ताई. मला त्या घरात एकटीला भीती वाटते. रात्रीची नाही, दिवसाची वाटते. झालं आता समाधान?"

आणि मी रडले. बाहेर ट्रक उभे होते, कुणी क्लीनर बादलीने काच धूत होता, आणि मी ओल्या फरशीवर उभी राहून दोरीने डोळे पुसत होते. ताई उठल्या, निळ्या पिशवीतून एक टॉवेल ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"एवढं बोलायला तुला ट्रेलर डोलवावा लागला," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्या थोरल्या, त्यांनी ते चष्मा पुसण्यावर निभावून नेलं.

मग कामाला लागलो. बाकाचे स्क्रू मी काढले. मधली फळी दोघींनी मिळून उभी केली आणि भिंतीला टेकवली. मशीन सरकवायला काच धुणाऱ्या त्या क्लीनरला बोलावलं. त्याने ते चाकांच्या वर आणून बसवलं, मी चारही पाय ट्रेलरच्या सांगाड्याला आवळून बांधले, ट्रंक बाजूला लावली. पाणी ओतून टाकलं. कपडे जिथे जागा दिसली तिथे भरले, त्यांचे माझ्यात, माझे त्यांच्यात. निळ्या पिशव्या रिकाम्या झाल्या त्या ताईंनी घडी घालून बेसिनखाली सारल्या, कांदे ठेवायला होतील म्हणाल्या. माझ्या बाकाचे गादीचे तुकडे पुढच्या रुंद बाकावर आडवे लावून पाहिले. दोघींना पुरत होते. जेमतेम.

"भिंतीकडे मी," ताई म्हणाल्या. "तू लाथा मारतेस."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तुझा नवरा सांगायचा."

मी गादीचं टोक चादरीच्या खिशात सरकवलं.

शेवटी फोन राहिला. तो करायला ताईंना धीर होईना. त्यांनी नंबर काढला, परत पर्समध्ये ठेवला, मग पायरीवर जाऊन बसल्या आणि लावला. मी आत उभी राहून सगळं ऐकत होते, फोनमधलंही, कारण ताई फोनही रेडिओसारखाच मोठा ठेवतात.

"आम्ही निघालोय," त्या म्हणाल्या. "येतोय दोघी. चांगले पंधरा दिवस राहू. पण मी तिथे कायमची नाही रे राहणार. हिच्याबरोबर परत येईन."

पलीकडून तो मग म्हणाला, "आई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाळा. तुझं काही चुकलं नाही. खोली फार चांगली बांधलीस. दर वर्षी येऊन राहीन तिथे."

"मग तिकडे असं काय आहे?"

"भांडायला माणूस आहे," त्या म्हणाल्या.

तो हसला, पण अर्धंच. मग म्हणाला, "काकूला दे जरा."

मी फोन घेतला. याला मी पहिलीपासून शाळेत नेलंय, माझ्या सीटच्या मागच्या जागेवर बसायचा.

"काकू, खरं सांग," तो म्हणाला. "तुझ्या एकटीवर सगळा भार पडेल म्हणून मी आईला बोलावलं होतं. ती तुझ्याजवळ राहिली तर तुला चालेल ना?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. लग्न करून त्या घरात आले तेव्हा थोरल्या जावेबरोबर राहायला चालेल का, असं कुणी विचारलं नाही. दोघे भाऊ गेल्यावर आता तुमचं कसं, असं पुष्कळांनी विचारलं, पण हे नाही. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. बसभर पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी तिथे नुसती मान हलवत उभी होते, त्याला फोनमधून दिसणार असल्यासारखी. तो पलीकडून "काकू? काकू?" करत होता. ताईंनी उठून माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"चालेल म्हणतेय ती," त्यांनी त्याला सांगितलं.